विश्लेषण : आरे-वारेच्या चढावर एसयूव्हीची चाके जागीच का फिरतात?

रत्नागिरीहून सागरी मार्गाने गणपतीपुळ्याकडे निघालेली गाडी आरे-वारेच्या चढाला लागते. पुढच्या गाडीतले कोणी तरी खालच्या समुद्राचा फोटो काढायला थांबलेले असते, म्हणून मागच्यालाही थांबावे लागते. पावसाची भुरभुर सुरू असते, गाडीत पाच माणसे आणि डिकीत चार दिवसांच्या बॅगा. पुन्हा निघताना ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाके घुर्रकन जागीच फिरतात आणि गाडी पुढे जाण्याऐवजी हातभर मागे सरकते. मागच्या सीटवरून ठरलेला प्रश्न येतो, ‘एवढी मोठी गाडी घेतली आणि साधा चढ चढत नाही?’ सुट्टी संपल्यावर गाडी गॅरेजमध्ये जाते आणि तिथे क्लचपासून गिअरबॉक्सपर्यंत काहीही निघू शकते. बिल मोठे होते आणि पुढच्या पावसात चाके पुन्हा तशीच फिरतात. कारण बहुतेक वेळा बिघाड शोधला जातो तिथे नसतोच.

एसयूव्ही म्हणजे ‘फोर बाय फोर’ नव्हे?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच आहे. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनांपैकी ६५ टक्के ‘युटिलिटी’ गटातली होती. म्हणजे आता घरची गाडी म्हणजे एसयूव्हीच. पण डिसेंबर २०२२ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने उपकरासाठी एसयूव्हीची व्याख्या स्पष्ट केली, तेव्हा निकष होते ते १५०० सीसीपेक्षा मोठे इंजिन, चार मीटरपेक्षा जास्त लांबी आणि किमान १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स. चारही चाकांना ताकद मिळाली पाहिजे, असे त्यात कुठेही नव्हते. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना तर एसयूव्ही हे नाव फक्त जाहिरातीने दिलेले आहे.

क्रेटा, सेल्टोस, ब्रेझा, नेक्सॉन या रस्त्यावर सर्वाधिक दिसणाऱ्या गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. बोलेरोत ती मागच्या दोन चाकांना जाते, स्कॉर्पिओच्या बहुतेक प्रकारांतही तसेच. चारही चाके ओढणारे प्रकार थार, स्कॉर्पिओ-एन, ग्रँड विटारा अशा मोजक्या गाड्यांत आणि तेही जास्त पैसे मोजल्यावर मिळतात. उंच बोनेट, रुंद चाके आणि छतावरचे रेल पाहून गाडी कुठेही जाईल असे वाटते. प्रत्यक्षात ती उंच केलेली हॅचबॅक असते. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही आणि विकत घेणाराही विचारत नाही. आपली गाडी कोणत्या चाकांवर चालते, हे ठाऊक नसलेले मालक आश्चर्य वाटावे इतके आहेत. निदानाची सुरुवात मात्र त्याच माहितीपासून होते.

याच रस्त्यावर असे का होते?

टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो. दीड टनाची गाडी अशा चार तळहातांवर उभी असते आणि त्यांतले दोनच तिला ओढत असतात. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. पाऊस पडला की तो ०.४ ते ०.५ वर येतो आणि डांबरावर माती, तेल किंवा शेवाळ असेल तर आणखी खाली.

आता चढाचा हिशेब. शंभर मीटरला पंधरा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर गाडी नुसती पुढे सरकत ठेवायची, तरी तिच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के इतका जोर लागतो. हा सगळा जोर पुढच्या दोन चाकांनीच लावायचा आणि त्यांच्यावर गाडीचे निम्मेच वजन असेल, तर त्या चाकांना किमान ०.३ इतका गुणांक हवा. थांबलेली गाडी वेगात आणायची तर त्याहून जास्त. ओल्या, मातकट डांबरावर ही मर्यादा अगदी काठावर येते. त्यात चढावर वजन मागे झुकते. मागच्या सीटवर तिघे आणि डिकी भरलेली असेल तर पुढची चाके आणखी हलकी होतात. पुढची चाके ओढणारी गाडी रिकामी असताना जो चढ सहज चढते, तोच कुटुंब घेऊन चढताना घसरते, याचे कारण एवढेच आहे. त्यात गाडीचा दोष काही नाही. याच चढावर बोलेरो निमूट निघून जाते, कारण तिच्यात वजन जिकडे झुकते तीच चाके ढकलत असतात.

रत्नागिरीच्या किनारी रस्त्यांवर यात आणखी भर पडते. डोंगर जांभ्याचा, त्यामुळे पावसात कडेची लाल माती डांबरावर उतरते आणि तिचा बारीक, साबणासारखा थर बसतो. उन्हाळाभर सांडलेले तेल आणि धूळ पहिल्या पावसात वर येते. किनाऱ्यालगतच्या सपाट भागात वाऱ्याने उडालेली वाळू रस्त्यावर पसरते आणि ती छोट्या गोट्यांसारखी टायरखाली फिरते. आषाढातल्या संततधारेपेक्षा मृगाच्या पहिल्या सरींत गाड्या जास्त घसरतात, ते याचमुळे.

निदान कुठून सुरू करायचे?

गॅरेजमध्ये जाण्याआधी तीन गोष्टी आठवायच्या : चाक कोणत्या पृष्ठभागावर फिरले, कोणते चाक फिरले आणि त्या वेळी डॅशबोर्डवर कोणता दिवा होता. मेकॅनिकला ‘गाडी ग्रिप घेत नाही’ एवढेच सांगितले तर तो त्याला सोपे वाटेल ते बदलणार. ओल्या चढावर फक्त सुरुवातीला घसरते, की सपाट कोरड्या रस्त्यावरही? एकाच बाजूचे चाक फिरते, की दोन्ही? गाडी वळणात बाहेर जाते, की मागचा भाग सुटतो? प्रत्येक उत्तराचा रोख वेगळ्या दिशेला आहे.

एकच चाक गरगरा फिरते आणि त्याच्या जोडीचे स्थिर राहते, याची अनेकांना भीती वाटते. हा बिघाड नाही. साध्या डिफरन्शियलचा तो स्वभाव आहे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. त्याची किंमत अशी, की एक चाक निसरड्यावर गेले की सगळी गती तिकडेच जाते. कोरड्या रस्त्यावरच्या चाकाला मग निसरड्यावरच्या चाकाइतकाच जोर मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही.

कोरड्या सपाट रस्त्यावरही इंजिन ओरडते आणि गाडी ओढत नाही, अशी तक्रार असेल तर टायरकडे न पाहता क्लचकडे पाहावे. मॅन्युअल गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरवर चालवत ॲक्सिलरेटर दाबायचा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला, वेग तितका वाढला नाही आणि जळका वास आला, तर क्लच प्लेट गेली. टायर घसरला तर उलट दिसते : आरपीएमसोबत वेगाचा काटाही उडी मारतो, कारण चाक खरोखरच फिरत असते. घाटात हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय असणाऱ्यांच्या गाडीत हे दोन्ही एकदमच निघते. त्यांनी हँडब्रेक वापरायला शिकणे नव्या क्लच प्लेटपेक्षा स्वस्त पडते.

टायरमध्ये नेमके काय पाहायचे?

सगळ्यात आधी हवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो आणि त्यावर हवेचे दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. पंपावरचा मुलगा ‘किती मारू?’ विचारतो आणि बहुतेक जण सवयीने एकच आकडा सांगतात. काही जण कोकणात जायचे म्हणून दोन-चार पॉइंट जास्तच मारून घेतात. जास्त हवेने टायर मधूनच टेकतो आणि तळहाताचा तळवा होण्याऐवजी बोट होते. कमी हवेने कडा झिजतात आणि वळणात टायर दुमडतो. हवा टायर थंड असताना तपासायची. रत्नागिरीपर्यंत तीनशे किलोमीटर आल्यावर तापलेल्या टायरमधली हवा जास्त दिसते, म्हणून ती सोडून देणे ही नेहमीची चूक.

दुसरी गोष्ट नक्षी. नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याने चारचाकीचा टायर १.६ मिलिमीटरपर्यंत चालतो. टायरच्या बाजूला ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचेत एक उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. पण हा आकडा कायद्याचा आहे, कोकणातल्या पावसाचा नाही. खाचांचे काम पाणी बाहेर काढणे. दोन मिलिमीटरवर आलेला टायर कोरड्या पुण्यात तक्रारीविना चालेल आणि मुंबई-गोवा महामार्गावर साचलेल्या पाण्यावर ताशी ८० किलोमीटरने तरंगू लागेल. पावसाळ्याच्या तोंडावर नक्षी तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर टायर बदलावेत. चार टायरचा खर्च सहज तीस हजारांच्या वर जातो आणि तो टाळण्याचे कारण दर वर्षी सापडते. पण साडेपंधरा लाखांच्या गाडीला गोटा टायर लावून घाटात नेणे ही काटकसर म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट वय, आणि ती फारच थोडे जण पाहतात. टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या घरच्या गाडीची नक्षी सात वर्षांनीही टवटवीत दिसते. पण रबर तोवर उन्हाने कडक झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर नक्षी नव्हे, मऊ रबर धरते. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी तज्ज्ञाला दाखवावेत. भिंतीवर बारीक भेगा दिसू लागल्या तर नक्षी कितीही असो, ते काढावेत. नवे घेताना फक्त मायलेज विचारू नये. १ एप्रिल २०२३ पासून देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या टायरना ओल्या रस्त्यावरील पकडीचा किमान निकष पाळावा लागतो, पण किमान निकष पाळणाऱ्यांतही मऊ आणि कडक असा फरक असतोच.

दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे कुठे लावायचे? गाडी पुढची चाके ओढतात, म्हणून बहुतेक दुकानांत ते पुढे लावून देतात. टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे : नवे मागे. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरते. मागचे सुटले तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातचे नसते. चढावर निघताना याचा थोडा तोटा होतो, पण ज्या रस्त्याच्या एका बाजूला दरी आणि खाली समुद्र आहे, तिथे हा तोटा पत्करावा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे केले तर हा प्रश्नच सहसा उभा राहत नाही.

नक्षी एकाच कडेने खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे. टायरवर हाताला लाटांसारखे उंचसखल लागत असेल तर शॉकअब किंवा बुश गेले आहेत. खड्ड्यावर उसळलेले चाक जेवढा वेळ हवेत, तेवढा वेळ त्याची पकड शून्य. अशा गाडीला नवे टायर घातले तर तेही वर्षात तसेच होतील.

डॅशबोर्डवरचा घसरत्या गाडीचा दिवा काय सांगतो?

गाडीखाली नागमोडी रेषा असलेला हा दिवा लुकलुकत असेल तर काळजीचे कारण नाही. ट्रॅक्शन कंट्रोल काम करतो आहे. तो फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो आणि इंजिनाची ताकद कमी करतो, म्हणजे डिफरन्शियल जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवते. दिवा सतत पेटलेला असेल तर दोन शक्यता. त्याखाली ‘ऑफ’ लिहिले असेल तर कोणी तरी बटण दाबले आहे. पुढच्या सीटवर बसलेल्या मुलाने ते दाबल्यामुळे सर्व्हिस सेंटरला चक्कर मारून आलेले पालक बरेच निघतील. तसे नसेल आणि सोबत एबीएसचाही दिवा असेल, तर बहुधा चाकाजवळचा वेग मोजणारा सेन्सर गेलेला असतो.

एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे आणि ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर तो त्याच सेन्सरांवर चालतो. लाल चिखल आणि खारी हवा हे या सेन्सरचे जुने शत्रू आहेत. अनेकदा चाक काढून सेन्सर आणि त्याची कडी साफ केली, उंदराने कुरतडलेली वायर जोडली, की दिवा विझतो. स्कॅनर लावून कोणत्या चाकाचा कोड येतो ते पाहिल्याशिवाय महागडा एबीएस मॉड्यूल बदलू देऊ नये. वेगळ्या मापाची स्टेपनी लावलेली असेल तरी हाच दिवा पेटतो, कारण तिचा वेग बाकी तिघांशी जुळत नाही.

ओल्या चढावर उपाय मात्र साधा आहे. गाडी मॅन्युअल असेल तर दुसऱ्या गिअरवर हळू क्लच सोडून निघायचे, ऑटोमॅटिकमध्ये ‘स्नो’ मोड असेल तर तो लावायचा. पाय जड ठेवला की चाक फिरते आणि फिरणारे चाक टेकलेल्या चाकापेक्षा कमी धरते. नाहीच निघाली तर पुढच्याला जाऊ द्यावे, मागे कोणी नसल्याची खात्री करून कोरड्या किंवा खरखरीत पट्ट्यापर्यंत सावकाश मागे यावे आणि तिथून न थांबता चढ घ्यावा.

चारही चाके ओढत असतील तर?

तर निघणे सोपे होते, थांबणे नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारच चाकांवर असतात, त्यामुळे फोर बाय फोर गाडी उतारावर इतरांइतकीच घसरते. उलट सहज चढली म्हणून चालकाला रस्त्याचा अंदाज येत नाही. लिव्हर किंवा नॉब फिरवून चालू करायची फोर बाय फोर यंत्रणा वर्ष-वर्ष वापरली नाही तर ॲक्चुएटर अडकतो आणि नेमकी गरज पडेल तेव्हा लागत नाही. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर ती लावून पाहावी. कोरड्या डांबरावर नव्हे, तिथे तिचे गिअर ताणले जातात. आपोआप लागणाऱ्या ऑल व्हील ड्राइव्हमधला क्लच वाळूत सतत चाके फिरवली की तापतो आणि काही वेळासाठी यंत्रणा स्वतःच बंद पडते.

जून २०२४ मध्ये गुजरातमधील मुंद्रा किनाऱ्यावर रिलसाठी थेट पाण्यात नेलेल्या दोन थार अडकल्या आणि चालकांवर गुन्हे दाखल झाले. दोन्ही गाड्यांच्या ऑफ-रोड ख्यातीचा तिथे काही उपयोग झाला नाही.

पुळणीत रुतल्यावर काय करायचे?

आरे-वारेची जुळी पुळण आणि मागचे सुरूचे बन पाहिल्यावर गाडी थोडी खाली न्यावी, असा मोह होतो. २०२४ च्या अखेरीस अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर अशीच एक फेरारी रुतली आणि ती बैलगाडीने ओढून काढल्याचा व्हिडीओ देशभर फिरला. लोक हसले, पण त्यात तंत्र होते. बैल झटका देत नाहीत, संथ आणि सलग ओढतात. वाळूत नेमके तेच लागते.

चाक रुतू लागल्याचे जाणवले की त्याच क्षणी पाय काढायचा. पुढचे पाच सेकंद दाबलेला ॲक्सिलरेटर गाडी ॲक्सलपर्यंत खाली नेतो आणि पोट टेकले की चाकांवर वजनच उरत नाही. सगळ्यांनी उतरावे, सामानही काढावे. चाकांपुढची आणि मागची वाळू हाताने उपसावी. टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत सोडावी, म्हणजे टायर पसरतो आणि वजन विभागले जाते. १५ च्या खाली गेले तर टायर रिमवरून उतरू शकतो. वाळूत ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावा, कारण तो ताकदच कापतो. आल्या वाटेवरूनच मागे यावे, तिथली वाळू दबलेली असते. चाकाखाली पायपुसणे किंवा झावळ्या घालता येतात, पण त्या वेळी चाकाच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. फिरते चाक ते दगडासारखे भिरकावते.

हँडब्रेक अर्धा ओढून फिरणारे चाक आवरायची जुनी युक्ती बोलेरोसारख्या मागून चालणाऱ्या गाडीत चालते. पुढून चालणाऱ्या गाडीत ती निरुपयोगी, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो.

टोचन लावायचे तर गाडीच्या टूलकिटमधला हूक बंपरच्या झाकणामागच्या आट्यात बसवावा. काही गाड्यांत आटे उलटे असतात. बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला दोर बांधला तर गाडी तिथेच राहते आणि दांडा ट्रॅक्टरबरोबर जातो. दोर ताणलेला असताना बघ्यांनी त्याच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर राहावे. गावातला ट्रॅक्टरवाला मागेल ते पैसे द्यावेत, कारण पुढच्या तासाला त्याचीही अडचण वाढणार असते. डांबरावर परतल्यावर पंपापर्यंत गाडी ताशी वीस-तीसच्या वर नेऊ नये.

भरतीचा याच्याशी काय संबंध?

कोकणात तिथीवरून भरती काढायचा एक जुना ढोबळ हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणायचे. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातून दोन भरत्या, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. किनाऱ्यागणिक थोडा फरक पडतो, पण अंदाज येतो.

या हिशेबात एक सापळा लपलेला आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, म्हणजे ओहोटीही सर्वांत लांब जाते. त्या दिवशी संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी सगळ्यात मागे असते. सूर्यास्त पाहायला आलेल्यांना समोर रुंद, ओली, कडक पुळण दिसते आणि गाडी न्यायला यापेक्षा चांगली जागा नाही असे वाटते. पण उभ्या गाडीच्या चाकांभोवतीची ओली वाळू सैल होते, पहिली लाट येऊन ती धुऊन नेते आणि गाडी बसते. सूर्य मावळतो तेव्हा पाणी परत फिरलेले असते आणि रात्री अकरापर्यंत ते चढतच राहणार असते. अंधारात ट्रॅक्टर मिळेपर्यंत दोन तास जातात. उधाणात पाणी दोन मीटरहून अधिक चढते, एसयूव्हीच्या छताची उंची त्याहून कमी असते.

अशा वेळी गाडी वाचवायला कोणीही पाण्यात जाऊ नये. जुलै २०२५ मध्ये आरे-वारेच्याच समुद्रात एकाच नात्यातल्या चौघांचा बुडून मृत्यू झाला. तो अपघात गाडीचा नव्हता, पण समुद्र हाच होता. ११२ वर फोन करावा आणि गाडी जाऊ द्यावी.

गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास कायद्याने मनाई आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि वाळूखालचे घरटे चालकाला दिसत नाही. गावकऱ्यांनी पुळणीच्या तोंडाशी ओंडके टाकून वाट अडवली तर पर्यटक चिडतात. खरे तर असे ओंडके प्रत्येक पुळणीच्या तोंडाशी हवेत आणि ते टाकण्याचे काम गावावर न सोडता प्रशासनाने करायला हवे.

खारे पाणी लागलेच तर?

चाकांपर्यंतच लागले असेल तर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. ब्रेकचे कॅलिपर, चाकांचे हब, सेन्सर आणि बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या तारा या जागा खास धुवाव्यात. मुंबई-पुण्याला परतून रविवारी धुऊ म्हटले तर गंज तोवर लागलेला असतो आणि दोन महिन्यांनी तोच एबीएसचा दिवा पेटतो. पाणी बोनेटपर्यंत चढले असेल तर इंजिन सुरू करून पाहू नये. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असले तर एका स्टार्टमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत असे नुकसान बहुतेकदा नाकारले जाते, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे वेगळे कलम घ्यावे लागते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर ती चालू वा चार्ज करू नये, कोरडी दिसली तरीही. बॅटरी कंपनीच्या माणसाने तपासेपर्यंत ती घरापासून आणि इतर वाहनांपासून दूर, उघड्यावर ठेवावी.